कुत्र्यासाठी घर शोधताय आणि कुणी "आमचं फार्महाऊस आहे" म्हणालं तर जरा थांबा

मुंबईत कुत्र्यासाठी घर शोधणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, त्यातही ज्यांच्याकडे कारवान, मुधोळ, पश्मी असं काही शिडशिडीत, पळणारं जनावर फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, आहे त्यांनी तर वाचाच. आम्हाला ज्याने फसवलं त्या माणसाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे आणि तसंही त्याने दिलेलं नाव खोटंच निघालं.

आमची मांदेली म्हणजे कारवान मादी, राखाडी चंदेरी रंग आणि सापडली तेव्हा अंगात इतकं काही नव्हतं की आईनेच हे बारीक मासळीचं नाव ठेवलं. मानखुर्दजवळ हायवेला फिरत होती, कान गोचिडांनी भरलेले. टिक फिव्हर निघाला, प्लेटलेट कमी, म्हणून डॉक्टर म्हणाले नसबंदी आत्ता नको, आधी अंग धरू दे. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे.

घरात एकदम गरीब गाय, दिवसभर सोफ्यावर पाय वर करून झोपणार. पण खाली उतरलं आणि लांबून कुत्रा दिसला, स्कूटर गेली, मांजर पळालं की मागच्या दोन पायांवर उभी राहून अशी किंचाळायची की गाड्या थांबायच्या. साधा पट्टा ह्यांना चालत नाही, मानेपेक्षा डोकं बारीक असतं, मागे सरकली की पट्टा आपल्या हातात आणि कुत्रा रस्त्यावर, म्हणून मार्टिंगेल कॉलर (ओढली की थोडा आवळणारा पट्टा) आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्ही. आम्ही भांडुपला पाचव्या मजल्यावर, लिफ्ट एक, तिसऱ्या मजल्यावर एक बीगल कुत्रा. सोसायटी कुत्रा पाळायला बंदी करू शकत नाही हे ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं सर्क्युलर सेक्रेटरी काकांना दाखवलं होतं, पण लिफ्टचं दार उघडलं की समोर बीगल, तिथे सर्क्युलर काय करणार.

तर घर शोधायला फोटो टाकले आणि ह्या गृहस्थांचा फोन आला. मुरबाडकडे फार्महाऊस, आधी दोन कारवान होते, एक म्हातारा होऊन गेला, वगैरे. बोलणं अगदी जाणकाराचं. ट्रिगर काय आहेत म्हणजे कशाने बिथरते, किती अंतरावर रिॲक्ट करते, मझलची (तोंडाला लावायच्या जाळीची) सवय आहे का, हे स्वतःहून विचारलं, आमच्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांना हे प्रश्न सुचले नसते. आणि मग ते वाक्य, "ताई, ही पळायची जात, फ्लॅटमध्ये किती दिवस कोंडून ठेवणार?"

हे वाक्य बरोबर जागी लागतं. मुंबईत कुत्रा ठेवणाऱ्या प्रत्येकाला मनात हे खुपत असतंच, समोरचा फक्त तिथे बोट ठेवतो. खरं तर उलट आहे. हे कुत्रे नजरेने शिकार करतात, उघड्या शेतात ससा दिसला की सुटले, मग हाक कानात शिरत नाही, आणि कुंपण नसेल तर तासाभरात दुसऱ्या गावात किंवा हायवेवर. सहा फुटी जाळीचं कुंपण नसलेलं फार्महाऊस म्हणजे ह्यांच्यासाठी सगळ्यात वाईट जागा. दिवसातून एकदोनदा नीट फिरणं आणि मऊ गादी, एवढ्यावर फ्लॅटमध्ये मजेत राहतात. हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून कुंपणाचा व्हिडिओ मागितला, त्याने पाठवला. जाळी, निळी पाण्याची टाकी, हिरवंगार गवत, एक कारवान पळतोय. आधारची कॉपी दिली, अडॉप्शन फॉर्म सही केला. घर बघायला येतो म्हटलं तर बाहेरगावी आहे म्हणाला, गाडी मात्र लगेच पाठवली. नसबंदीचं म्हणाला, "ते माझ्यावर सोडा, माझा डॉक्टर आहे."

मांदेली गेली. आठवडाभर फोटो आले, सगळे क्लोजअप, मागे काय आहे ते कधी दिसायचं नाही. मग एका रात्री फोन, कामवाल्या बाईला चावली, टाके पडलेत, नवरा पोलिसात जातो म्हणतोय, आठ हजार पाठवा मी मिटवतो, नाहीतर कुत्र्याला "झोपवायला" लागेल. ज्या कुत्र्यासाठी तुम्ही महिनोन्महिने लोकांना "ती चावत नाही हो" सांगत आलात, तिच्याबद्दल असा फोन आला की डोकं चालत नाही. पैसे गेले. नंतर रेबीजच्या इंजेक्शनचे आणखी मागितले तेव्हा भावाने विचारलं, अरे ते तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं ना? जखमेचा फोटो गूगल लेन्सला टाकला तर तो कुठल्यातरी परदेशी साइटवरचा जुना फोटो.

मग आम्ही तो फार्महाऊसचा व्हिडिओ परत बघायला बसलो. कुत्रा दिला एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये मुरबाडला गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, आणि व्हिडिओत गुडघाभर हिरवं आणि आवाज मोठा केला तर बेडूक ओरडतायत. भर पावसाळ्यातला व्हिडिओ. म्हणजे हा किती लोकांना पाठवून झाला असेल देव जाणे.

ऑफिसमधला एक मित्र लातूरचा, कारवानांमध्येच वाढलेला. विकणाऱ्यांच्या ग्रुपवर त्यालाच फोटो सापडला, "प्युअर कारवान फिमेल, १८ हजार", डाव्या कानाच्या टोकाला व्ही आकाराचा कट, आमचीच. ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये मुधोळचं नाव आल्यापासून ह्या जातींना गिऱ्हाईक वाढलंय असं तो म्हणतो, मला आकडे माहीत नाहीत, पण नसबंदी न झालेल्या मादीला भाव आहे हे दिसलं. त्याने गिऱ्हाईक बनून फोन केला, "मादी माजावर आली का एकदा तरी?" समोरून खुशीत, "येईलच आता, पिल्लांतच पैसे वसूल." पत्ता मिळाला तो मुरबाडचा नव्हेच, पनवेलच्या पुढे पत्र्याची शेड.

पोलिस स्टेशनला आधी "मॅडम, कुत्रंच ना" झालं आणि एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) घेऊन वाटेला लावायला बघत होते. बीएमसीचं डॉग लायसन्स आमच्या नावावर होतं, सोबत डॉक्टरांची फाईल, कानाचे जुने फोटो, पैशांचे स्क्रीनशॉट. हे सगळं टेबलावर ठेवलं तेव्हा सूर बदलला. फसवणूक म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पूर्वीचं ४२०, हे नीट लिहायला लावा. शिवाय २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, ती ह्याच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. एक हवालदार सोबत आले, भले माणूस.

शेडमध्ये ती नायलॉनच्या दोरीला होती. कोपरांची कातडी सोलून लाल झालेली, अंगावर चरबी नसते ना, कोब्यावर झोपवलं की हाडच टेकतं. आम्हाला बघून भुंकली नाही, उठलीसुद्धा नाही, हवालदारांनी दोर कापला तेव्हा आईच्या ओढणीचा वास घेतला आणि मग अशी ओढत निघाली की मी पडता पडता वाचले.

आता ती डोंबिवलीला तळमजल्यावर एका जोडप्याकडे आहे. लिफ्ट नाही, घरात मांजर नाही. ते कितीतरी रविवार नुसते येऊन जमिनीवर बसायचे, तिच्याकडे न बघता, नंतर लांब अंतर ठेवून सोबत चालायचे, हार्नेस घालायला दोघंही शिकले. आमच्याकडून एकच अट, नसबंदी होईपर्यंत ती फॉस्टरवर, मालकी कागदोपत्री आमची. ह्या अटीला ज्यांनी नाकं मुरडली त्यांना मी पुढे विचारलंच नाही. नसबंदी झाली, डॉक्टर मुद्दाम असे शोधले ज्यांना माहीत होतं की ह्या जातींना भुलीची काही औषधं जड जातात. ओळख पटवणारी मायक्रोचिपही त्याच वेळी बसवली.

पैशांसाठी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, पण उशिरा, थोडी रक्कम होल्ड झाली, बाकी गेली. ऑनलाइन पैसे गेले तर त्याच रात्री १९३० लावा, सकाळची वाट बघू नका. तो माणूस नवीन नंबरवरून परत चालू आहे असं कळलंय, ह्यावेळी विरारकडे फार्महाऊस सांगतो. भर उन्हाळ्यात हिरव्या गवताचा, निळ्या टाकीचा व्हिडिओ तुम्हाला कुणी पाठवला तर नंबर, व्हिडिओ, चॅट सगळं सेव्ह करा, मला मेसेज करा, आमच्या तक्रारीला जोडता येईल.