खाट, पुस्तके आणि बंद रुग्णवाहिका : गावातील तीन संस्थांविषयी अभिप्राय

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील आमच्या गावी गेल्या जून महिन्यात आई शेवाळलेल्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, घसरली आणि तिच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. त्यानंतरचे नऊ महिने मुंबईचे घर बंद ठेवून मी गावीच राहिले. या काळात गावातील तीन संस्थांशी माझा नित्याचा संबंध आला : मुंबईकरांच्या ग्रामस्थ मंडळाची रुग्णवाहिका, रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आणि सार्वजनिक वाचनालय. गाव एवढे लहान आहे की एकाच घरातील दोघे भाऊ दोन निरनिराळ्या संस्थांचे विश्वस्त असतात, त्यामुळे संस्थांची आणि माणसांची नावे मी येथे देत नाही. माझी बत्तीस वर्षे बँकेच्या नोकरीत गेली. संस्था पारखताना माझी नजर पदाधिकाऱ्यांच्या फलकाआधी नोंदवहीकडे जाते, हे वाचकांनी लक्षात ठेवून पुढील मते वाचावीत.

सुरुवात रुग्णवाहिकेपासून करणे भाग आहे, कारण आई पडली त्या रात्री पहिला दूरध्वनी मी त्या गाडीसाठीच केला. ग्रामदेवतेच्या देवळासमोर पत्र्याच्या शेडमध्ये ही पांढरी गाडी उभी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना देणगीदारांची नावे एवढ्या ठळक अक्षरांत रंगवलेली आहेत की संपर्काचा क्रमांक शोधण्यासाठी विजेरी धरावी लागली. क्रमांक लागला, पण ज्यांनी तो उचलला ते गृहस्थ परळच्या खोलीत होते. चालक पाच महिन्यांपूर्वीच काम सोडून गेला आहे, गाडीच्या विम्याची मुदत संपली आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे सकाळी चौकशी करून सांगता येईल, असे त्यांनी अत्यंत नम्रपणे सांगितले. अखेर 108 क्रमांकाची सरकारी रुग्णवाहिका आली. राज्यात 2014 पासून सुरू असलेल्या या सेवेला पैसे पडत नाहीत. मात्र तालुक्याच्या ठिकाणाहून मुसळधार पावसात घाटीचा वळणावळणाचा रस्ता उतरून गाडी येईपर्यंत जो वेळ जातो तो जातोच, आणि तेवढ्याच वेळेसाठी गावाने स्वतःची गाडी घेतली होती.

गाडी बंद पडण्याचे कारण मी पुढे खोदून विचारले, आणि ते आळस किंवा अफरातफर यांपैकी काहीच निघाले नाही. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार विश्वस्तांमध्ये झालेला बदल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. मंडळाचे खजिनदार वारले, त्यांच्या जागी दुसऱ्यांची निवड तोंडी झाली, सत्यनारायणाच्या पूजेत त्यांचा नारळ देऊन सत्कारही झाला, परंतु बदल अर्ज कोणी दाखल केला नाही. बँकेने जुन्या सह्यांवर धनादेश वटवण्यास नकार दिला, म्हणून चालकाचा पगार थकला, पगार थकला म्हणून चालक गेला, आणि उभ्या गाडीचा विमा कशाला भरायचा म्हणून विमाही राहिला. खात्यात पैसे होते. या गोष्टीचे मला आजही नवल वाटते. बँकेत असताना मी स्वतः असे धनादेश परत पाठवले आहेत आणि नियमाप्रमाणे ते योग्यच होते. त्या परत गेलेल्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला काय उभे असते हे मात्र मला शेडमधली ती गाडी पाहिल्यावर समजले.

मंडळावर अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवते की 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने आमच्या पट्ट्यातील घरांची छपरे आणि नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, तेव्हा टाळेबंदीच्या दिवसांत याच मंडळाने मुंबईहून दोन ट्रक भरून पत्रे, ताडपत्री आणि मेणबत्त्या पाठवल्या होत्या. चाकरमान्यांच्या या जुन्या मंडळांचा पिंडच असा आहे. शिमग्याची पालखी, देवळाचा जीर्णोद्धार, वादळ, दहावीच्या मुलांचा गुणगौरव अशा निमित्ताने वर्गणी धो धो जमते. रोजच्या रोज बॅटरी तपासण्यासाठी मात्र गावात राहणारा माणूस लागतो.

असा माणूस रुग्णोपयोगी साहित्य केंद्राला लाभला आहे, आणि म्हणून या अभिप्रायाचा मोठा भाग त्या केंद्राविषयीच आहे. आईवर डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी डोक्याकडची आणि पायांकडची बाजू वर-खाली करता येईल अशी खाट, हवेची गादी, कमोडची खुर्ची आणि वॉकर या चार गोष्टींची व्यवस्था करण्यास सांगितले. या वस्तू विकत घेतल्या असत्या तर त्यांच्या किमतीपेक्षा पुढे त्यांचे करायचे काय हा प्रश्न मोठा होता, कारण कोकणातल्या माळ्यांवर अशा गंजलेल्या खाटा पिढ्यान् पिढ्या पडून असतात. गावातील एका निवृत्त शिक्षकांच्या वाड्याच्या पडवीत हे केंद्र चालते. दाराला फलक नाही. गुरुजी सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळेत बसतात आणि ते नसतील तेव्हा किल्ली शेजारच्या किराणा दुकानात असते, ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक आहे.

खाटेसाठी दोन हजार रुपये अनामत आणि महिन्याला दीडशे रुपये देखभाल आकार, खुर्ची आणि वॉकर यांना केवळ अनामत, असा दर आहे. ज्याला अनामत झेपत नाही त्याच्यासाठी गावातील कोणीही ओळखीच्या माणसाने सही केली तरी चालते. मला सर्वांत अधिक आवडली ती नोंदवही. लांब आकाराच्या, लाल पुठ्ठ्याच्या त्या वहीत साहित्याचा क्रमांक, रुग्णाची वाडी, नेणाऱ्याचे नाव, जामीनदार, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख, नेतानाची अवस्था आणि येतानाची अवस्था असे आठ रकाने गुरुजींनी स्वतः पट्टीने आखले आहेत. आमच्या नावापुढे 'नेतानाची अवस्था' या रकान्यात त्यांनी लिहिले : 'खाट क्र. 4. हँडल ताठर. गादीच्या पंपाचा आवाज येतो, चालतो.' खाट परत येण्याचे कारण लिहिण्यासाठी रकाना का नाही, असे मी सवयीने विचारले. चश्मा पुसत ते म्हणाले, "ताई, खाट दोनच कारणांनी परत येते. ते कारण वहीत कशाला?" त्यावर मी काही बोलले नाही.

खाटेचे सुटे भाग टेम्पोने पाखाडीच्या पायथ्यापर्यंत आले. तेथून बेचाळीस जांभ्याच्या पायऱ्या चढवून आमच्या ओटीवर ती आणली ती खालच्या कोळीवाड्यातील चार मुलांनी. पावसाळ्यातील मासेमारीबंदीचे दिवस असल्याने ती मुले घरीच होती. हवेची गादी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते : तिच्यात आडव्या नळ्या असतात आणि पंप त्यांत आळीपाळीने हवा भरतो व सोडतो, त्यामुळे एकाच जागी सतत भार पडत नाही आणि पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होण्याचा धोका कमी होतो. ही गादी विजेवर चालते, आणि आमच्याकडे आषाढात वीज किती भरवशाची असते हे सांगायला नको. केंद्राने पंपासाठी इन्व्हर्टर द्यावा अशी अपेक्षा मी करणार नाही, परंतु वीज गेल्यावर गादी किती वेळात बसते आणि तोवर रुग्णाला कुशीवर कसे वळवावे हे सांगणारा एखादा कागद साहित्यासोबत मिळायला हवा होता. ते आम्हाला पहिल्याच रात्री अडीच वाजता कळले. साहित्य देणे जमते, वापर शिकवणे राहून जाते, ही या केंद्राची खरी उणीव आहे. गावातील आशा सेविकेला यात सामील करून घेतल्यास ती भरून निघेल, असे मी गुरुजींना लेखी कळवले आहे.

दुसरी उणीव खाऱ्या हवेची. येथे लोखंड टिकत नाही. केंद्रातील सात चाकखुर्च्यांपैकी दोन पूर्ण गंजलेल्या आहेत आणि त्या देणगीदारांच्या भीडेपोटी काढून टाकलेल्या नाहीत. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास गुरुजी आणि हायस्कूलची मुले मिळून सर्व खाटांना चंदेरी रंग देतात, पण रंगाखालचा गंज ठोकून पाहिला की कळतो. देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी नवी खुर्ची घेऊन तिच्या पाठीवर आजोबांचे नाव घालण्याऐवजी रबरी चाके, नट-बोल्ट आणि पंपाच्या नळ्या यांसाठी पैसे द्यावेत, हे येथे स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. अशा देणगीचा फोटो निघत नाही, हे खरे.

वाचनालयाविषयी तक्रार करणे मला जड जाते, कारण मी तेथेच वाचायला शिकले. रत्नागिरी जिल्ह्याला या बाबतीत मोठी परंपरा आहे. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय 1828 मधले, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 मधले, आणि जुलै 2021 च्या महापुरात चिपळूणच्या ग्रंथालयाची झालेली हानी व त्यानंतर त्याने पुन्हा धरलेली उभारी वाचकांना ठाऊक असेल. त्या मानाने आमचे वाचनालय म्हणजे कौलारू दोन खोल्या, चौदा कपाटे आणि वर्तमानपत्रांसाठी एक उतरते लाकडी मेज. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 खाली त्याला शासनाची मान्यता आहे आणि अ, ब, क, ड या वर्गांपैकी ते 'क' वर्गात मोडते. अनुदान हप्त्यांनी आणि बहुधा उशिरा येते. 2022 मध्ये त्यात साठ टक्के वाढ झाली, तरी ग्रंथपाल बाईंना मिळणारे मानधन ऐकून मला माझ्या निवृत्तिवेतनाची लाज वाटली.

तरीही सेवा चोख आहे. आई अंथरुणाला खिळल्याचे कळताच बाईंनी आपण होऊन दर शनिवारी दोन पुस्तके आणि एक जुना दिवाळी अंक घरपोच पाठवण्याची सोय केली. त्यासाठी कोणताही आकार घेतला नाही, परंतु प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक वहीत चढवल्याशिवाय ते दाराबाहेर जाऊ दिले नाही. चक्रीवादळात कौले उडाली तेव्हा भिजलेली पुस्तके घराघरांतील माळ्यांवर दोरीवर वाळत घातली होती. वीज येण्यास कित्येक दिवस लागल्याने पंखा उपयोगाचा नव्हता. आईच्या हाती आलेल्या एका कादंबरीची पाने तेव्हापासून लाटांसारखी वाकडी झाली आहेत आणि तिला पोफळीच्या सालाचा वास येतो. आईने ती दोनदा वाचली. दाराशेजारच्या काचेच्या फलकात 31 मार्चअखेरचा लेखापरीक्षित ताळेबंद लावलेला असतो, आणि तो दर वर्षी बदललेला असतो, याचे मोल माझ्यासारखीला विशेष वाटते. उणीव एकच आणि ती गंभीर आहे : वर्गणीदारांमध्ये पन्नाशीच्या आतले मला कोणी दिसले नाही. स्पर्धा परीक्षांचा कोपरा म्हणून मांडलेल्या मेजावर चार वर्षांपूर्वीच्या अभ्यासक्रमाची पुस्तके आहेत, आणि मुले दापोलीला जातात यात त्यांचा दोष नाही.

गावच्या माणसांना टिकाऊ काम जमत नाही, असे मुंबईत अनेकदा ऐकू येते, म्हणून थोडे विषयांतर. आमच्या उत्तरेला मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 च्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम ग्रामस्थांना बरोबर घेऊन सुरू केले. मी तेथे पूर्वी गेले होते तेव्हा पाहुण्यांच्या जेवणापेक्षा आणि कासवांच्या पिलांपेक्षाही माझ्या लक्षात राहिली ती वाळूत कुंपण घातलेली उबवण केंद्रातील घरटी, कारण प्रत्येक घरट्यापुढे तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी खोचलेली होती. पहाटे आणि तिन्हीसांजेला गावचाच माणूस घरट्यावर झाकलेली टोपली उचलून पाहतो आणि पिले निघाली असतील तर मोजतो.

आई आता काठीच्या आधाराने आगरातील विहिरीपर्यंत जाते. विश्वस्तांच्या बदलाचा अर्ज दाखल व्हावा म्हणून मी स्वतः मंडळाची कागदपत्रे लावून दिली, त्या कामात मंडळाच्या नव्या खजिनदारांनी मनापासून साथ दिली, आणि हे लिहीत असताना अर्ज दाखल झालेला आहे. गाडी मात्र अद्याप शेडमध्येच आहे. ती रस्त्यावर येईपर्यंत गावकऱ्यांनी रात्री-अपरात्री थेट 108 लाच फोन करावा.

फाल्गुनात, शिमग्यापूर्वी, खाट क्रमांक चार आम्ही परत केली. त्याच चार मुलांनी ती उतरवली, पण आता हंगाम जोरात असल्याने त्यांना पहाटेची भरती चुकवून यावे लागले. गुरुजींनी हँडल फिरवून पाहिले, गादी फुगवून तिच्या प्रत्येक नळीवर तळहात ठेवला आणि 'येतानाची अवस्था' या रकान्यात लिहिले : 'हँडल सैल झाले, चांगले. पंपाची एक नळी चिरलेली.' अनामतीतून नळीचे ऐंशी रुपये कापून घेऊन त्यांनी एक हजार नऊशे वीस रुपये मोजून दिले आणि पावतीवर माझी सही घेतली.