६३ युरोंचा पास आणि दोन तासांचं वर्तुळ

डॉइचलांडटिकेटबद्दल, म्हणजे अख्ख्या जर्मनीत लोकल गाड्या आणि शहरातल्या बस-मेट्रोला चालणाऱ्या महिन्याच्या पासाबद्दल, मराठीत जे वाचायला मिळतं ते एक तर ‘अख्खा जर्मनी फिरा स्वस्तात’ छापाचं असतं, नाही तर आठवडाभर फिरायला आलेल्यांनी लिहिलेलं. मी ते सुरू झालं तेव्हापासून, म्हणजे मे २०२३ पासून वापरतेय. घर एरलांगनला, ऑफिस न्यूर्नबर्गला, त्यामुळे रोजच. शिवाय जन्म डोंबिवलीचा, म्हणजे पास या विषयावर मत असणं हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे.

आधी पैशांचं उरकते. सुरुवातीला महिन्याला ४९ युरो होते, जानेवारी २०२५ पासून ५८ झाले आणि जानेवारी २०२६ पासून ६३. त्याच्याही आधी, २०२२ च्या उन्हाळ्यात, तीन महिने ९ युरोंचं तिकीट होतं. तेव्हा इथे असलेली मंडळी अजून त्या दिवसांचे गोडवे गातात आणि नंतर आलेल्यांचा जीव जाळतात. केंद्र आणि राज्यं वर्षाला दीड-दीड अब्ज युरो घालतात म्हणून हा भाव जमतो. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी तिकीट राहणार की जाणार’ हे गुऱ्हाळ इथे अधूनमधून चालूच असतं. नोकरी करत असाल तर मात्र थेट विकत घेण्याआधी एचआरला विचारा. कंपनीने किमान २५ टक्के भरले तर वर आणखी ५ टक्के सूट मिळते, आणि ६३ चे ४४ युरो १० सेंट होतात. अर्ध्या भारतीयांना ही सोय ठाऊकच नसते, कारण कंपनी आपणहून सांगत नाही.

आता चालतं कशात. आपल्या भाषेत सांगायचं तर इथल्या आयसीई आणि आयसी म्हणजे फास्ट, आरई म्हणजे सेमी फास्ट, आणि आरबी किंवा एस-बान म्हणजे स्लो. पास फास्टला चालत नाही, बाकी सगळ्याला चालतो. देशातल्या कुठल्याही शहरातली बस, ट्राम, ऊ-बान म्हणजे मेट्रो त्यातच आली. डोंबिवली ते सीएसएमटी पास काढला की पासावर तेवढीच दोन स्टेशनं असायची. ठाण्याहून वाशीला जायचं म्हटलं की वेगळं तिकीट. इथे पासावर स्टेशनाचं नावच नसतं, आणि हे अंगवळणी पडायला मला बराच वेळ लागला. परक्या शहरात ट्राममध्ये चढल्यावर हात आपोआप पर्सकडे जायचा.

आता माझं मत: हे तिकीट देश पालथा घालायला घेऊ नये. घरापासून दोन तासांत जिथवर पोचता येतं, तेवढ्या वर्तुळासाठी घ्यावं. ‘न्यूर्नबर्ग ते हांबुर्ग फुकट’ असे व्हिडिओ बघून पोरं निघतात. आयसीईने साडेचार-पाच तासांचा रस्ता, तो आरई बदलत बदलत दुपटीहून जास्त वेळात कापतात. एखादी जोडगाडी चुकली की पुढची तासाने. रात्री पोचतात, सकाळभर झोपतात आणि हांबुर्ग कसं वाटलं विचारलं की स्टेशन सांगतात. आयसीईचं तिकीट आधी काढलं तर परवडतं. ते काढावं, आणि तिथे उतरल्यावर हा पास बाहेर काढावा. हांबुर्गला लांडुंग्सब्र्युकनहून फिंकनवेर्डरला जाणारी ६२ नंबरची फेरीबोट यातच येते. शेजारच्या धक्क्यावरून पैसे मोजून निघणाऱ्या टूरच्या बोटी तोच एल्बे नदीचा काठ दाखवतात. वुपरटालची उलटी टांगलेली रेल्वेही यातच येते. ती १९०१ पासून चालू आहे, साधारण १३ किलोमीटर लटकत जाते, त्यातला बहुतेक रस्ता नदीच्या डोक्यावरून. १९५० मध्ये जाहिरातीसाठी तिच्यात चढवलेलं टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू घाबरून डब्यातून थेट नदीत पडलं आणि किरकोळ खरचटण्यावर वाचलं. वुपरटालवाले ही गोष्ट अजून कौतुकाने सांगतात.

पण माझा पास वसूल होतो तो रविवारी. इथे रविवारी दुकानं बंद. वाण्यापासून मॉलपर्यंत सगळं. इमारतीत भिंतीला ड्रिल लावायची नाही, काचेच्या बाटल्या कचरापेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो. नवीन आलेल्या माणसाला हा दिवस खायला उठतो. घरी फोन करावा तर तिकडे दुपारी जेवून सगळे आडवे झालेले. पहिल्या हिवाळ्यात मला एरलांगन म्हणजे ऑफिसची गाडी, सुपरमार्केट आणि परदेशी नागरिकांचं कार्यालय एवढंच माहीत होतं. त्या काळात आठवड्याचं ठिकाण ठरवण्यासाठी मी तिकिटांचे दर बघत बसायचे, दोघांचा हिशोब करायचे आणि बहुतेक वेळा घरीच राहायचे. पास आल्यावर तो हिशोबच संपला. आता उठल्यावर खिडकीतून आभाळ बघायचं आणि निघायचं. गाव आवडलं नाही तर पुढच्या गाडीने परत. पैसे गेल्याची हळहळ नाही, त्यामुळे ‘आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ’ हा आपला खास ताणही नाही.

सगळ्यात जास्त वेळा गेलेय ती बांबेर्गला. एरलांगनहून आरईने अर्ध्या तासाच्या आसपास. जुनं शहर १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे पर्यटक भरपूर. सगळे जातात नदीच्या मधोमध बांधलेल्या जुन्या टाऊन हॉलकडे. बिशपने जागा दिली नाही म्हणून गावकऱ्यांनी पाण्यातच बांधला, अशी दंतकथा. त्याच्या चितारलेल्या भिंतीवर एक गुटगुटीत देवदूत आहे आणि त्याचा एक पाय चित्रातून खराखुरा बाहेर आलाय, दगडाचा, हात पोचला तर गुदगुल्या करता येतील असा. तो शोधायला लहान मुलं बरोबर हवीत, मोठ्यांना तो पटकन दिसत नाही.

मला मात्र स्टेशन आणि जुन्या शहराच्या मधली गार्टनरश्टाट आवडते, म्हणजे भाजीवाल्या माळ्यांची वस्ती. तीही युनेस्कोत आहे, पण बहुतेक लोक तिच्यातून बॅगा ओढत नुसते पुढे जातात. रस्त्यावरून बघितलं तर बुटकी, एकाला एक लागून घरं, प्रत्येकाला बैलगाडी आत जाईल एवढा रुंद दरवाजा. एखादा उघडा असला की आत लांबच लांब शेत दिसतं. कांदा, मुळा, कोबी, भर शहरात. इथल्या बटाट्याची एक खास जात आहे, बोटाएवढी आणि वाकडी, तिला हॉर्नला म्हणतात. आणि एके काळी हे गाव प्रसिद्ध होतं ज्येष्ठमधासाठी. खोकला झाला की आई तोंडात धरायला द्यायची तेच. ते फ्रँकन प्रांतातल्या वाळूत पिकत होतं हे कळल्यावर मी बाबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘भाव काय?’

धुराच्या वासाची बिअरही इथलीच, तिच्याबद्दल बाकीचे लिहितातच. शाकाहारी माणसाने बाहेर पडताना बेकरीतून ब्रेत्सेल आणि चीज घातलेली कांडी घ्यावी आणि डब्यात ठेपले असावेत. गाडीत खाल्लं तर कोणी बघत नाही, लोणच्याचा डबा उघडला तर मात्र बघतात.

दुसरं आवडतं म्हणजे पेग्निट्स नदीच्या खोऱ्यातून बायरॉइटला जाणं. गाव ऑपेरासाठी नावाजलेलं आहे. तिथलं अठराव्या शतकातलं लाकडी नाट्यगृह बघण्यासारखं आहेच. पण मजा रस्त्याची. हेर्सब्रुक सोडलं की डोंगर जवळ येतात, बोगद्यांमागून बोगदे लागतात. डिझेलची गाडी वळणावर अंगाने कलते आणि उभं असणाऱ्याला चटकन दांडा धरावा लागतो. घाटाची सवय नसेल तर पोटात ढवळतं. याच मार्गावर एक भानगड समजून घ्या. पेग्निट्स स्टेशनात गाडीचे दोन तुकडे होतात, एक बायरॉइटला जातो आणि दुसरा मार्क्टरेडविट्सकडे. घोषणा होते, पण जर्मनमध्ये आणि घाईत. तुम्ही खिडकीतून निसर्ग बघताय आणि शेजारच्या आजीबाई अचानक पिशवी घेऊन फलाटावरून मागच्या डब्याकडे पळताहेत, असं दृश्य दिसलं तर दारावरचा बोर्ड वाचा. न्यूर्नबर्गला फलाटावर इंडिकेटरच्या खाली कुठला तुकडा कुठे उभा राहणार ते लिहिलेलं असतं. डब्याच्या जागा पाठ असलेल्या मुंबईकराला हे जमायला हरकत नाही.

व्युर्ट्सबुर्ग आणि रेगन्सबुर्ग दोन्ही तासा-सव्वातासाची, दोन्ही सुंदर, दोन्हींवर लिहिलेलं भरपूर सापडेल. रोथेनबुर्गला आन्सबाख आणि श्टाइनाख असं दोनदा बदलून जावं लागतं. ते गर्दीचं गाव आहे, सकाळी लवकर जा. आणि सगळ्यात जवळचं फ्युर्थ. डिसेंबर १८३५ मध्ये जर्मनीतली पहिली आगगाडी न्यूर्नबर्ग ते फ्युर्थ धावली, आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या सतरा वर्षांहून थोडं जास्त आधी. इंजिन इंग्लंडहून स्टीफन्सनकडून आणलं होतं. आजची यू-१ मेट्रो बऱ्याच अंशी त्याच वाटेने जाते आणि पास चालतो. बघण्यासारखं तिथे फार नाही, पण ठाण्याच्या माणसाने एकदा जाऊन यावं.

आता तक्रारी. गाड्या उशिरा येतात, आणि जर्मन वेळ पाळतात वगैरे जे आपण ऐकून आलोय ते विसरा. रूळदुरुस्ती सगळीकडे चालू आहे. फ्रँकफुर्ट-मानहाइम मार्ग तर २०२४ मध्ये पाच महिने सरसकट बंद ठेवून नवा केला. अशा वेळी गाडीऐवजी बस असते आणि ती स्टेशनाच्या नेमकी कुठल्या बाजूला उभी आहे ते सांगणारं कोणी नसतं. एका जानेवारीत आम्ही एका छोट्या स्टेशनवर संध्याकाळी अडकलो. आमची गाडी रद्द, पुढचीही रद्द, प्रतीक्षालयाला कुलूप, आणि रेल्वे कंपनीचा मदतीचा नंबर लावला की रेकॉर्ड केलेला आवाज वेबसाईट बघा म्हणायचा. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊनही काही होणार नाही. तासाभराहून जास्त उशीर झाला तर या पासावर भरपाई दीड युरो मिळते, तीही चार युरोंच्या वर साठल्याशिवाय देत नाहीत. नेहमीच्या तिकिटावर उशीर झाल्यास आयसीई पकडायची जी मुभा असते, ती या पासाला नाही. स्वस्तातलं तिकीट म्हणून ते नियमातून वगळलंय. माझा एक तारा यासाठी कापला. पाचपैकी चार.

तिकीट कुठल्याही शहराच्या वाहतूक मंडळाकडून घेतलं तरी किंमत आणि हक्क सारखेच, पण ॲप सारखी नसतात. माझं पहिलं ॲप एक तारखेला नवा महिना दाखवायलाच तयार नसायचं. सकाळी टीसी समोर उभा आणि स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र. आता कार्ड घेतलंय, बॅटरीची कटकट नाही. ओळखपत्र मात्र बरोबर हवंच, कारण पास दुसऱ्याला देता येत नाही. स्टेशनात गेट नाहीत म्हणून कोणी तपासत नाही असं समजू नका. साध्या कपड्यातले दोघे अचानक दोन्ही दारांतून चढतात. दंड ६० युरो.

आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की हा पास त्यांच्यासाठी काढायचा का, हे मला सारखं विचारलं जातं. ते पूर्ण महिना राहणार असतील आणि पायांनी धड असतील तर काढा. अध्येमध्ये दोन-तीन सहलीच होणार असतील तर बायर्न-टिकेट, म्हणजे आमच्या बायर्न (बव्हेरिया) राज्याचं तिकीट बरं. एका दिवसाचं, पाच जणांपर्यंत एकत्र, आठवड्यात सकाळी नऊनंतर चालतं, शनिवार-रविवारी वेळेचं बंधन नाही, आणि साल्झबुर्गपर्यंत जातं. म्हणजे ज्येष्ठांना ऑस्ट्रियाही दाखवून होतो, गावाकडे सांगायला एक देश वाढतो. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. सायकलीचं वेगळं काढावं लागतं.

आणि हे तिकीट म्हणजे वर्गणी आहे, आपोआप पुढे चालू राहते. बंद करायची तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवा, म्हणजे त्या महिन्याअखेर थांबते. ११ तारखेला आठवलं तर पुढच्या महिन्याचे ६३ युरो गेले. पाहुण्यांसाठी काढलेलं असेल तर काढतानाच फोनमध्ये ८ तारखेचा गजर लावून ठेवा, १० तारखेचा नको.