ओबीडीइलेव्हन आणि ऑक्टेव्हियातली लपलेली सेटिंग्ज: पैसे नेमके कशात वसूल झाले

सेकंडहँड स्कोडा घेतली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतंच, अरे गाडीला जोडायचा तो डोंगल घे, गाडीत काय काय दडलंय बघ एकदा. माझी तिसऱ्या जनरेशनची ऑक्टेव्हिया, १.८ टीएसआय. या गाड्यांचे भाग युरोपातून यायचे आणि जोडणी आपल्या शेंद्र्याच्या प्लांटमध्ये व्हायची, त्यामुळे आतले कंट्रोल युनिट (म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर) बरेचसे तिकडचेच, फक्त आपल्याकडच्या व्हर्जनमध्ये काही गोष्टी बंद करून ठेवलेल्या. ओबीडीइलेव्हन म्हणजे असाच एक डोंगल आणि त्याचं फोनवरचं ॲप, ते त्या चालू करून देतं. लिथुआनियाच्या कंपनीचं आहे, स्टिअरिंगच्या खाली जो १६ पिनांचा पोर्ट असतो (जिथे मेकॅनिक स्कॅनर लावतो तोच) त्यात डोंगल खुपसायचा, इग्निशन ऑन, ब्लूटूथने फोन जोडला की झालं.

आधी एक सांगतो, ऑनलाइन चारपाचशेला निळे-काळे डोंगल मिळतात त्याने हे काम होत नाही. मी तसला एक वापरून बघितला, ईएलएम३२७ या स्कॅनर चिपची कॉपी, इंजिनचा एरर कोड आणि आरपीएम दाखवायचा आणि मधेच कनेक्शन सोडून द्यायचा. वाचायला ठीक, पण लिहिताना, म्हणजे सेटिंग बदलताना, मधेच असं तुटलं तर काय करणार? त्याच्या कितीतरी पट पैसे ओबीडीइलेव्हनला जातात हे खरंय, पण तो व्हीएजी म्हणजे फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, सीट यांच्यासाठीच बनलाय (आता बीएमडब्ल्यू ग्रुपच्या गाड्याही घेतो), आणि गाडीतलं प्रत्येक युनिट वेगळं उघडून दाखवतो. ०९ म्हणजे लाइट, वायपर, काचा बघणारं सेंट्रल इलेक्ट्रिक्स, १७ म्हणजे मीटर, ०३ एबीएस, १५ एअरबॅग, ०१ इंजिन. थोड्या दिवसात हे नंबर तोंडपाठ होतात आणि मग बायकोसमोर "सतरामध्ये एक बिट बदललाय" असली वाक्यं तोंडातून निघायला लागतात.

दोन रस्ते आहेत. एक वन-क्लिक ॲप्स, म्हणजे तयार बटणं, दाबलं की फीचर चालू, पण प्रत्येकाला क्रेडिट लागतात, म्हणजे ॲपमधले पॉइंट. दुसरा लाँग कोडिंग आणि ॲडॅप्टेशन, म्हणजे युनिटमधली सेटिंग्ज एकेक करून हाताने बदलायची, त्याला पेड प्लॅन घ्यावा लागतो पण मग क्रेडिट न घालवता स्वतः बदलता येतं. माझं मत विचाराल तर दोनचारच गोष्टी करायच्या असतील तर क्रेडिट, आणि ज्याला खाज आहे त्याने सरळ प्लॅन घ्यावा, कारण क्रेडिट म्हणजे जत्रेतल्या आकाशपाळण्याची तिकिटं, बघता बघता संपतात. प्लॅनमध्ये अडचण अशी की ०९ मधल्या बऱ्याच चॅनेलची (सेटिंग्जची) नावं जर्मन, Komfortblinken आपण कोम्फोर्टब्लिंकेन वाचायचं आणि अंदाज बांधायचा की हे इंडिकेटरचं असावं, आणि सेव्ह करताना सिक्युरिटी कोड मागतो तो ॲपच खाली सुचवतं.

आता केलं काय काय. नीडल स्वीप सगळेच आधी करतात, इग्निशन दिलं की मीटरचे दोन्ही काटे शेवटपर्यंत जाऊन परत येतात, पहिले चार दिवस भारी वाटतं, पाहुण्यांना दाखवून झालं की लक्षही जात नाही. रेसट्रॅकवरच्या फेरीची वेळ मोजणारा लॅप टायमरही तसलाच, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये कसला लॅप डोंबलाचा. इंडिकेटर हलकेच दाबला की तीनदा लुकलुकायचा तो पाचदा केला, हे मात्र हायवेवर लेन बदलताना खरंच बरं पडतं.

पण सगळ्यात आवडलेली गोष्ट कुणी फार बोलत नाही ती, मीटरमधलं रिफ्युएलचं डिस्प्ले. १७ मध्ये एक खूण टाकायची, मग मधल्या छोट्या स्क्रीनवर येतं की टाकी फुल व्हायला अजून किती लिटर लागतील. टाकी ५० लिटरची. पंपावर जायच्या आधी बघायचं, समजा ३४ दाखवतंय, आणि पंपवाला "झिरो बघा साहेब" म्हणून ऑटो कटला थांबला तेव्हा मशीनवर ३४-३५ च्या आसपास आकडा आला तर डोकं शांत. अंदाजच आहे तो, गाडी चढावर उभी असेल तर फरक पडतो, वजनकाट्यासारखा धरून भांडायला जाऊ नका. पण एखाद्या पंपावर दरवेळी तीनचार लिटरची तफावत दिसायला लागली की आपण आपसूक दुसरा पंप धरतो.

पावसाळ्यासाठी दोन गोष्टी. काचेवर पाणी मारलं की वायपर फिरून थांबतात आणि मग वरून एक ओघळ बरोब्बर नजरेसमोर येतो, त्यासाठी काही सेकंदांनी अजून एक फेरी मारायचं सेटिंग आहे, ते चालू केलं. आणि रिमोटचं लॉक बटण दाबून धरलं की चारही काचा वर, ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरून नाही जमत, जवळ यावं लागतं, पण डोक्यावर सर येत असताना परत दार उघडून इग्निशन द्यायची कटकट गेली. घरात लहान पोरं असतील तर गाडीकडे बघत बघतच बटण धरा.

एक्सडीएसचंही केलं, ०३ मध्ये स्टँडर्डवरून स्ट्राँग, वळणावर आतल्या चाकाला हलका ब्रेक लावून गाडी आत वळवतं ते. ताम्हिणीत नाक थोडं पटकन वळतं असं वाटतं खरं, पण पॅसेंजर सीटवरच्याला काडीचाही फरक कळला नाही, त्यामुळे त्यासाठी पैसे घालवू नका.

जे हार्डवेअर गाडीत नाहीच ते ॲप कुठून आणणार, हे बऱ्याच जणांना उमगत नाही. रिव्हर्सला आरसा खाली झुकवायचा तर तो झुकवणारी, जागा लक्षात ठेवणारी यंत्रणा आरशात लागते, पाऊस आला की काचा आपोआप बंद व्हायच्या तर रेन सेन्सर लागतो. नाहीतर एरर येतो नाहीतर काहीच होत नाही.

सगळ्यात जास्त विचारणा होते ती ८० च्या बीपची. १ जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांना ८० च्या वर गेलं की अधूनमधून आणि १२० च्या वर सलग बीप सक्तीची आहे, आणि एक्सप्रेसवेला कारची मर्यादाच १००, समृद्धीला १२०, म्हणजे नियमात चालवत असलो तरी कानाशी टिंग टिंग. वैताग मलाही कळतो, मित्राच्या गाडीत बसलो की डोकं उठतं. तरी ती आणि सीटबेल्टची बीप कायद्याने बसवलेली आहे, मी कुणाची बंद करून दिलेली नाही, देणारही नाही. १५ नंबरलाही हात लावू नका. एअरबॅगशी प्रयोग करायची काय गरज पडलीये?

खरे पैसे मात्र कोडिंगमध्ये नाही, स्कॅनमध्ये वसूल झाले. मीटरवर एबीएसचा दिवा लागला, एका वर्कशॉपमध्ये सांगितलं की मॉड्युल गेलंय, आकडा ऐकून मी खाली बसायचाच बाकी. घरी येऊन डोंगल लावला, ०३ उघडलं तर फॉल्ट फक्त मागच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा. गाडी हळू चालवत लाइव्ह डेटा बघितला (भाऊ चालवत होता, मी फोन धरून), तीन चाकं १८-१९ दाखवतायत आणि हे एक शून्यावर चिकटलेलं. दुसऱ्या मेकॅनिकला स्क्रीनशॉट दाखवला, त्याने सेन्सर बदलला, फॉल्ट क्लिअर, दिवा गेला. त्या एका फेरीत डोंगल, प्लॅन सगळं फिटलं. सेकंडहँड गाडी बघायला जाताना तर हा खिशात हवाच, सगळ्या युनिटचा स्कॅन काही मिनिटांत होतो आणि विकणाऱ्याचा चेहराही वाचता येतो.

करणार असाल तर बॅटरी दमलेली असताना कोडिंग नको, इंजिन बंद इग्निशन ऑन ठेवा, आणि एका वेळी एकच बदल करून बघा. जुन्या व्हॅल्यू ॲपच्या हिस्टरीमध्ये राहतात, तिथून परत जाता येतं, तरी स्क्रीनशॉट काढून ठेवायला काय जातंय. काम झालं की डोंगल काढा, पोर्टला बॅटरीचा सप्लाय कायम असतो, गाडी आठवडाभर उभी राहिली तर उगाच झिजेल, शिवाय गुडघा लागतो. वॉरंटीतल्या गाडीचं कोडिंग सर्व्हिसला न्यायच्या आधी ओरिजनल करून न्या, तिकडे सॉफ्टवेअर अपडेट मारलं तर तसंही आपलं कोडिंग पुसलं जाऊ शकतं.

बीएमडब्ल्यू किंवा मिनी असेल तर बिमरकोड बघा, त्यात जर्मन नावांशी झगडा बराच कमी आहे. फोर्डवाल्यांना फोरस्कॅन, पण फोनवरचं लाइट व्हर्जन तपासण्यापुरतं, कोडिंगला विंडोज लॅपटॉप लागतो. आणि ओबीडीइलेव्हन घेताना नेक्स्टजेन किंवा त्याच्या नंतरचाच घ्या, ओएलएक्सवर जुना पहिला डोंगल स्वस्तात दिसेल पण तो फक्त अँड्रॉइडवर चालतो, घरात एकाकडे जरी आयफोन असला तरी भांडणं ठरलेली.