तेरा महिने, एक ईको आणि तीनशे लिटर पाणी

गेल्या वर्षी जानेवारीत मारुतीची ईको कार्गो व्हॅन घेतली. आज मीटरवर १४ हजार ८०० किलोमीटर आहेत. सोफे, गालिचे, गाद्या, कारच्या सीटा धुऊन द्यायचा माझा धंदा. संभाजीनगर शहर, वाळूज-शेंद्र्याकडची ऑफिसं, आणि अधूनमधून जालना-पैठण. मी, एक मदतनीस आणि लग्नसराईत दोन रोजंदारीची पोरं, बस्स एवढाच पसारा. त्याआधी तीन वर्षं स्कूटीच्या पायाशी व्हॅक्यूम ठेवून आणि मोठं काम आलं की मालवाहू रिक्षा भाड्याने करून भागवलं. या धंद्यात नवी आलेली दोन-तीन पोरं "दादा, कोणती गाडी घेऊ?" म्हणून विचारायलीत. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

माझ्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, जुनी ओम्नी. स्वस्तात मिळते, कुठल्याही गल्लीतला मिस्त्री खोलतो. पण ती बनायची बंद झाली २०१९ मध्ये, म्हणजे चांगल्यातली चांगली गाडीही आता सहा-सात वर्षांची, आणि इंजिन ८०० सीसीच्या आतलं. दुसरा, टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. २००५ पासून रस्त्यावर आहे आणि वजन उचलण्यात त्याच्यापुढे ईको लहान लेकरू. पण माझं सामान पावसात भिजून चालत नाही, म्हणून मागे बंद बॉडी बांधून घ्यावी लागणार, तो खर्च वेगळा. शिवाय हौदा उंच. चाळीस किलोचं मशीन दिवसातून आठ वेळा चढवायचं-उतरवायचं म्हणजे कंबरेचं काही खरं नाही. तिसरी ईको कार्गो: बंद बॉडी, पुढे दोन सीट, मागे सपाट फरशी, दोन्ही बाजूंना सरकती दारं.

ही सरकती दारं किती कामाची, ते शहागंज, गुलमंडीकडच्या गल्ल्यांत गेल्याशिवाय कळत नाही. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला फळांचा गाडा, तरी दार उघडून मशीन बाहेर निघतं.

शोरूममध्ये मी सहा फुटी पीव्हीसी पाईप घेऊन गेलो होतो. सेल्सचा पोरगा आधी हसला, मग त्यानेच एक टोक धरलं. कारण साधं आहे. सहा बाय नऊचा गालिचा गुंडाळला की सहा फुटी नळा होतो, आणि माझ्याकडे निम्मं काम त्याच मापाचं. पाईप मागून आत घातला, पुढचं टोक दोन सीटच्या मधे जरासं आलं, दार लागलं. नऊ बाय बाराचा आधी मधोमध दुमडून मग गुंडाळावा लागतो. मशीनची मापं तर वहीत लिहूनच नेली होती. सगळं मोजलं. एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट म्हणजे पाणी.

माझा हिशेब असा होता की पाणी गिऱ्हाईकाच्या घरचं. अमेरिकेतले व्हिडिओ बघून डोक्यात खूळ भरलं होतं: तिकडे गाडीतच मोठं मशीन बसवलेलं, गाडीच्या इंजिनावर चालणारं, घराच्या नळाला पाईप जोडला की काम चालू. तसलं मशीन आपल्याला परवडणारं नाही हे मला कळत होतं. पण तो नळ मी गृहीतच धरला. मार्चमध्ये गारखेड्यात एका काकूंकडे सोफा धुवायला गेलो, बादली मागितली, तर काकू म्हणाल्या, "पाणी तुम्ही नाही का आणलं? आमच्याकडं नळ कधी येईल ते आम्हालाच ठाऊक नाही. हे टाकीतलं वापराचं आहे." चूक त्यांची नव्हती. पैठणला जायकवाडीचा एवढा मोठा नाथसागर, पण शहरात नळ येतो काही दिवसांआड. सात सीटच्या सोफ्याला माझं पंचवीस-तीस लिटर पाणी जातं. हॉलभर गालिचा असला तर शंभराच्या वर.

मग म्हटलं, बोअरचं वापरू. ते आणखी वाईट. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, आणि वाळल्यावर गडद रंगाच्या कापडावर पांढुरके ओघळ उमटतात. एका मरून सोफ्यावर असे ओघळ आले. दुसऱ्या दिवशी चांगलं पाणी नेऊन, लिंबूसत्त्वाचं सौम्य पाणी मारून, फुकटात पुन्हा धुऊन दिला. त्या दिवशी ठरवलं, पाणी आपलं आपण न्यायचं.

आता इथून गाडीचा खरा अनुभव सुरू होतो.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शाळेतलं वाक्य, पण तीनशे लिटरची टाकी गाडीत ठेवून बघा म्हणजे ते कळतं. फॅब्रिकेशनवाल्याने टाकी मागच्या दाराशी बसवून दिली, भरायला सोपी म्हणून. मलाही ते पटलं होतं, म्हणून त्याला दोष देत नाही. पण सगळा भार मागच्या चाकांच्याही मागे गेला. पुढचा भाग हलका होऊन स्टिअरिंग हाताला लागेना. ते कमी म्हणून की काय, जालना रोडला सिग्नलवर ब्रेक मारला की गाडी थांबायची आणि अर्ध्या सेकंदाने मागून कोणीतरी ढकलल्यासारखा दुसरा धक्का बसायचा. वळणावर तर पाणी आपल्या मर्जीने एका बाजूला जायचं. सकाळी टाकी काठोकाठ असताना एवढा त्रास नसायचा. दुपारी निम्मी झाली की जास्त. मला वाटलं शॉकअॅब्सॉर्बर गेले. पैठण गेटजवळच्या एका वेल्डिंगवाल्या मामूंनी टाकीवर हात आपटून एका वाक्यात सांगितलं, "पूरा भरा तो चुप बैठता मियां, आधा रहा तो नाचता."

टाकीत आडवे पडदे वेल्ड करून घेता येतात, पाण्याच्या टँकरला असतात तसे. मामू करून द्यायला तयार होते. पण त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत जारचं पाणी देणारं पोरगं आलं आणि माझी ट्यूब पेटली. वीस लिटरचे जार! प्रत्येक जार एकतर पूर्ण भरलेला, नाहीतर रिकामा. नाचायला वावच नाही. शिवाय आरओचं पाणी, म्हणजे पांढऱ्या ओघळांचीही कटकट मिटली. टाकी काढून विकली. ड्रायव्हर सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे, लोखंडी अँगलचा एक ठेंगणा रॅक करून घेतला. पंधरा जार, दोन थर. जार घेताना फिरकीच्या झाकणाचेच घ्या. दाबून बसवायच्या झाकणाचे दोन होते, त्यांनी एका खड्ड्यात माझी फरशी धुऊन काढली.

गाडी पुन्हा गाडीसारखी चालायला लागली. मदतनीस एका हाताने एक जार उचलून तिसऱ्या मजल्यावर नेतो. टाकी असती तर बादल्या भरत बसलो असतो.

यातली एक मेख मात्र मला उशिरा कळली. पाणी वापरलं म्हणजे गाडी हलकी झाली, असं नाही. मशीन पाणी फवारतं आणि मळकं पाणी परत ओढून घेतं. गिऱ्हाईकाच्या घरी बाथरूम असतं, तिथे ओततो. पण ऑफिसात किंवा मंगल कार्यालयात "इथे ओतू नका" म्हणतात, आणि रस्त्यावर ओतणं मला पटत नाही. मग तेच पाणी रिकाम्या जारमध्ये भरून परत आणावं लागतं. (मळक्या पाण्याचे जार वेगळे, त्यांना लाल रंग मारलाय. हे विसरलात तर काय होईल ते सांगायला नको.) त्यात धुलाईला घरी न्यायचा ओला गालिचा असला तर संध्याकाळची गाडी सकाळपेक्षा जड असते. म्हणून एकदा सगळं भरून वजनकाट्यावर नेऊन बघाच. आरसीवर गाडीचं मान्य एकूण वजन आणि रिकामं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. वजा केलं की तुमचा हक्काचा भार कळतो. त्यात स्वतःला आणि मदतनीसालाही धरा, आमच्यासारखे अंगाने भरलेले असाल तर विशेष.

सीएनजी मी घेतली नाही ती जागेसाठी. सिलेंडर आतली जागा खातो आणि वजनही. वजनाचा विचार तेव्हा डोक्यात नव्हता, पण तेच आता पाण्याला कामी येतं. भरल्या गाडीला शहरात मला लिटरला तेरा-चौदा मिळतं. कंपनीचा आकडा याच्या बराच वर आहे, पण तो तीनशे किलो पाणी घेऊन काढलेला नसणार. सीएनजी असती तर महिन्याला अडीच-तीन हजार वाचले असते, हे मान्य करतो. ज्याचं काम कोरड्या व्हॅक्यूमचं किंवा फोमचं जास्त आहे, पाणी कमी लागतं, त्याने सीएनजीच घ्यावी. पंपावरच्या रांगेत थांबायची तयारी ठेवून.

किमतीचं न बोललेलं बरं. रस्त्यावर येईपर्यंत सहा लाखांच्या आत-बाहेर गेली. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आमचं नशीब असंच. बायको अजून अधूनमधून ती तारीख काढते.

कागदपत्रांचं थोडक्यात: मालवाहू म्हणून पिवळी पाटी, एमएच-२०. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असल्याने वेगळं परमिट लागत नाही. फिटनेस दोन वर्षांनी. लायसन्स आपलं साधं कारचंच चालतं. साडेसात हजार किलोच्या आतल्या गाडीला वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. एजंट काहीही सांगेल, लक्ष देऊ नका. वेग ८० ला बांधलेला आहे. समृद्धीवर जालन्याला जाताना सगळे भुर्रकन निघून जातात, पण मागे पाणी असताना मलाही ८० पुरे. पिवळ्या पाटीचा खरा ताप वेगळाच: काही सोसायट्यांचा वॉचमन मालगाडी म्हणून आत सोडत नाही. आता मी बुकिंगच्या वेळीच गिऱ्हाईकाला गेटवर सांगून ठेवायला लावतो.

उन्हाळ्यात गाडी कशी? इंजिन पुढच्या सीटखाली आहे, माझ्या गाडीला एसी नाही, मे महिन्यात पारा बेचाळीसला. काय ते समजून घ्या. पण एक गंमत. दुपारी बारापर्यंत जारमधलं पाणी आपोआप कोमट होतं, आणि कोमट पाण्याने तेलकट मळ लवकर सुटतो. हीटरचं बिल वाचलं. शाम्पूच्या बाटल्या मात्र फुगतात, झाकण ढिलं ठेवून उभ्याच ठेवा.

पावसाळा मला जड गेला. गेल्या सप्टेंबरात मराठवाड्याने काय पाऊस बघितला ते सगळ्यांना माहीत आहे. जायकवाडीचे दरवाजे उघडलेले, पैठणला लोकांची घरं सोडायची वेळ, आणि मला रोज ओल आलेल्या गाद्या-गालिच्यांचे फोन. वाळवायला ऊन नाही. ओला माल गाडीत रात्रभर राहिला आणि चार दिवसांत आतून असा कुबट वास यायला लागला की मीच दार उघडून मागे सरकलो. रबरी चटई उचलली तर खाली पाणी साचलेलं, पत्र्यावर तांबेरा धरायला लागलेला. चूक माझीच. गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात फरशीला गंजरोधक मारून वर जलरोधक प्लाय टाकायला हवा होता. तो मी ऑक्टोबरात टाकला, तांबेरा घासून काढल्यावर. आता रोज संध्याकाळी मागचं दार तासभर उघडं आणि आत एक छोटा पंखा. ज्याचं काम ओलं आहे त्याने हा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा.

विजेचं एक सांगतो. दोन हजार वॅटचा व्हॅक्यूम नऊ अँपिअरच्या जवळ वीज ओढतो, तो टीव्हीजवळच्या छोट्या सॉकेटवर चालवायचा नसतो. गिझरचं किंवा एसीचं मोठं सॉकेट शोधायचं. म्हणून अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची तीस मीटर वायर गाडीत कायम असते, दाराच्या आतल्या हुकाला गुंडाळून. बारक्या वायरी घेऊन फिरणाऱ्यांचे प्लग वितळलेले मी पाहिलेत.

सर्व्हिसबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. ऑइल, फिल्टर, एकदा ब्रेक साफ. ते टाकीचे महिने सोडले तर टायरही अजून बरे आहेत.

आता पुन्हा रमजानच्या आधीचे दिवस आहेत. मशिदीतल्या सफा, लांबच लांब जाजमं, दोन-तीन दिवसांत धुऊन वाळवून अंथरून द्यायची असतात. वर्षातलं सगळ्यात मोठं काम हेच, मंगल कार्यालयांच्याही वर. गेल्या साली एका मशिदीला पाण्यासाठी टँकर मागवावा लागला होता. या वेळी ईकोच्या पाच खेपा झाल्या, आणि जारवाल्या पोराने सरळ त्याचीच गाडी तिथे आणून उभी केली. मदतनीस म्हणायला लागलाय, "दादा, आता एक छोटा हत्ती घ्यावाच लागतो." तो म्हणतो त्यात तथ्य आहे, म्हणून परवा जाऊन आलो. या वेळी पाईप नेला नाही. रिकामे जार नेले, तीस. तिथल्या माणसाने विचारलं, "साहेब, पाण्याचा धंदा आहे का तुमचा?"

म्हटलं, हो, तसाच समजा.