डेबियन 12 वर एक्सएफसीई, आठ महिने, सहा मशीन: एका कॅलेंडरने डोकं फिरवलं

सदाशिव पेठेत आमची छोटी अभ्यासिका आहे, एमपीएससीची पोरं बसतात. सहा जुनी मशीन, प्रत्येकी 4 जीबी रॅम, एसएसडी तेवढ्या तपकीर गल्लीतून आणून मी स्वतः बसवल्या, 128 जीबीच्या. नवीन मशीन घ्यायचं तर पोरांची फी वाढवावी लागेल आणि ते मला करायचं नाहीये, म्हणून डेबियन 12 (फुकट मिळणारी लिनक्स सिस्टीम) आणि एक्सएफसीई 4.18 (तिच्यावरचा हलका डेस्कटॉप, म्हणजे मेनू, खिडक्या वगैरे). आठ महिने झाले, एकही मशीन हँग होऊन बसलं नाही, याबद्दल वेगळं काही लिहीत नाही कारण ज्यांनी वापरलंय त्यांना माहितीये.

लिहायचंय ते कॅलेंडरबद्दल. कोणाची जागा कधी, मॉक टेस्ट कधी, हे सगळं माझ्या गूगल कॅलेंडरमध्ये असतं आणि ते काउंटरच्या मशीनवर दिसावं एवढीच माझी मागणी. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचं कॅलेंडर टाकलं, दिसायला सुटसुटीत, उघडतंही पटकन. ऑनलाइन अकाउंट जोडायचं बटण दाबलं तर काहीच होईना. परत दाबलं, परत काही नाही. एररसुद्धा नाही! शोधल्यावर कळलं की अकाउंट जोडायची खिडकी कॅलेंडरमध्ये नाहीच, ती ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये आहे. ठीक, ते पॅकेज टाकलं, त्याच्यासोबत बरंच काही आलं, तर एक्सएफसीईच्या मेनूत ते दिसेना. शेवटी टर्मिनलमधून चालवलं तेव्हा उत्तर आलं की हे फक्त ग्नोम आणि युनिटीमध्येच चालतं, आणि बंद. युनिटी हा उबुंटू या लिनक्सचा डेस्कटॉप, तो सोडून द्यायचं उबुंटूने 2017 लाच जाहीर केलं होतं, त्याचं नाव अजून यादीत आणि आमच्या एक्सएफसीईचं नाही, याचा मला खरंच राग आला.

पण खरा राग पुढे आला. तो प्रोग्रॅम एक्सडीजी करंट डेस्कटॉप नावाचा एक व्हेरिएबल वाचतो, म्हणजे फक्त डेस्कटॉपचं नाव विचारतो. त्या व्हेरिएबलमध्ये ग्नोम लिहून तीच कमांड परत दिली, खिडकी उघडली, गूगलचं लॉगिन झालं, दोन मिनिटांत सगळ्या मॉक टेस्ट कॅलेंडरमध्ये. म्हणजे मला हवं होतं ते एक्सएफसीईवर व्यवस्थित चालत होतं! अकाउंट सांभाळणारी सर्व्हिस मागे चालते, तिला समोर कुठला डेस्कटॉप आहे याने काही फरक पडत नाही. माझे तीन रविवार एका नावापायी गेले, आणि नावही मला खोटं सांगावं लागलं.

तेव्हा माझं मत असं झालं की ॲपने कुठल्याच डेस्कटॉपचं काही वापरू नये, संपला विषय. दोन महिने मी सगळ्यांना हेच सांगत होतो, आणि ते अर्धं चुकीचं होतं.

कारण पोरांना पीडीएफ वाचायला मी ऑक्युलर टाकलं होतं. ते केडीई या तिसऱ्याच डेस्कटॉपचं. टाकताना केडीईच्या लायब्ररी (ॲपना लागणारे तयार कोडचे गठ्ठे) आल्या, सुरुवातीला काही आयकॉन दिसत नव्हते, ब्रीझ आयकॉनचं पॅकेज टाकल्यावर आले, त्यानंतर आजपर्यंत एक तक्रार नाही. हायलाइट होतं, बाजूला टिपणं लिहिता येतात, प्रश्नपत्रिकांच्या जाड फायली उघडतात. 2022 मध्ये जर्मनीचं ब्लू एंजेल हे पर्यावरणाचं लेबल मिळालंय त्याला, माझ्यासारख्या जुनी मशीन जगवणाऱ्याला ही मोठी गोष्ट वाटते. केडीई कनेक्टही तसंच, फोनवरून नोट्सचे फोटो थेट मशीनवर, केडीईचा डेस्कटॉप कुठेही नसताना.

मग हे चालतं आणि ते का नाही? केडीईने 2014 मध्ये त्यांची एकच मोठी लायब्ररी फोडून लहान लहान फ्रेमवर्क केली, ॲपला लागतील तेवढीच घ्यायची. ग्नोमच्या बाजूलाही मूळ गोष्ट अशीच आहे, ग्नोमची ॲप जीटीके या लायब्ररीवर बनतात, त्यातला जी हा गिंप या फोटो एडिटरचा, म्हणजे ती लायब्ररी एका ॲपसाठी जन्माला आली, डेस्कटॉप 1997 मध्ये नंतर आला. आणि रात्री नोकरीवरून येऊन फुकट कोड लिहिणाऱ्या माणसाने प्रिंटिंग, पासवर्ड, फाइल उघडायची खिडकी हे सगळं परत स्वतः लिहावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? लायब्ररी वापरा, हवी तेवढी वापरा, डिस्कवरची जागा मी देतो. (फ्लॅटपॅक, म्हणजे ॲप आपल्या लायब्ररींच्या वेगळ्या गठ्ठ्यासकट टाकायची पद्धत, त्याबद्दल मात्र हे म्हणणार नाही, ग्नोमचा गठ्ठा (रनटाइम) वेगळा, केडीईचा वेगळा, परत दोन ॲपना दोन व्हर्जन, 128 जीबीत ते परवडत नाही, मी काढून टाकलं.) पण ॲपचं एखादं महत्त्वाचं काम दुसऱ्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जच्या आत ठेवायचं आणि त्या दारावर नाव विचारायचं, हे नको.

ग्नोमची लिबअद्वैता ही नवीन लायब्ररी वापरणारी ॲप एक्सएफसीईची थीम घेत नाहीत, तेही खटकतं, पण त्याने काम अडत नाही म्हणून सोडून देतो.

मागच्या महिन्यात एका मशीनवर लिनक्स मिंट 22 (आणखी एक लिनक्स सिस्टीम) ची एक्सएफसीई आवृत्ती टाकून पाहिली. मेनूत ऑनलाइन अकाउंट्स नावाची वेगळी छोटी खिडकी! मिंटवाल्यांनी तीच मागची सर्व्हिस घेऊन कुठल्याही डेस्कटॉपवर चालेल अशी खिडकी बनवलीये. 2016 पासून ते एक्स-ॲप्स करतायत, एडिटर, पीडीएफ, फोटो, सगळी याच विचाराने, पण मी तेव्हा लक्षच दिलं नव्हतं. अकाउंट पहिल्या झटक्यात जोडलं गेलं, तेच कॅलेंडर, तोच एक्सएफसीई, कोणाला काही खोटं सांगितलं नाही. खूप बरं वाटलं, त्याच संध्याकाळी हे लिहायला घेतलं.

काउंटरचं मशीन आता मिंटवर नेलंय. बाकी पाच डेबियनवरच राहतील, तिथे पोरांना स्वतःचं कॅलेंडर हवं असेल तर थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम आहे, त्याचं कॅलेंडर त्याच्यातच आणि गूगलचं लॉगिनही त्याच्याच खिडकीत. रॅम थोडी जास्त खातं, पण डेस्कटॉप कुठला हे विचारत नाही. कोणी पुण्यात नवीन ॲप लिहीत असेल आणि जुन्या एक्सएफसीईवर तपासून बघायचं असेल तर दुपारी दोन ते चार आमची मशीन रिकामी असतात, खुशाल या.