शांघायचे दोन विमानतळ: होंगछ्याओ की पुदोंग?

शहराच्या मध्यापासून जेमतेम 13 किमीवरचा होंगछ्याओ आणि पूर्वेला 30 किमीवर, समुद्राकाठचा पुदोंग. विमान बदलायचं असेल तर तिकीट काढण्याआधी दोन्ही विमानतळांची नावं तपासा. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

होंगछ्याओ जुना, 1920च्या दशकातला. 1999 पर्यंत शहराचा सगळा भार त्याच्यावरच होता, पण चहूबाजूंनी वस्ती वाढल्याने पसरायला जागा उरली नाही. 2010 मध्ये दुसरी धावपट्टी झाली खरी, मात्र ती पहिलीपासून फक्त 365 मीटरवर. इतक्या कमी अंतरामुळे दोन्हींवर एकमेकींपासून स्वतंत्रपणे विमानं उतरवता येत नाहीत. त्याच वर्षी टर्मिनल 2 शेजारी हायस्पीड रेल्वेचं स्थानक आलं, आणि हांगचौ-नानचिंगला जाणाऱ्यांसाठी माझ्या मते होंगछ्याओला तोड नाही. परदेशी उड्डाणं मात्र मोजकी: टोकियो-हानेदा, सोल-गिम्पो वगैरे, तीही टर्मिनल 1 वरून.

पुदोंग 1999 मध्ये सुरू झाला; 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणं तिकडे हलवली. टर्मिनल 2 आणि तिसरी धावपट्टी 2008 ची, उपग्रह टर्मिनल (मुख्य इमारतीपासून वेगळं उभं असलेलं टर्मिनल) 2019 चं. तिथे मुख्य इमारतीतून भुयारी गाडीने जावं लागतं, तो वेळ हिशेबात धरा. मॅग्लेव्ह (चुंबकीय बळावर तरंगत धावणारी) गाडी झकास, पण ती लोंगयांग रोड स्थानकालाच थांबते, पुढे मेट्रो.

दोन्ही विमानतळ मेट्रो लाइन 2 ने जोडलेले आहेत, पण ती रडतखडत जाते. डिसेंबर 2024 पासून धावणारी विमानतळ जोडरेल्वे साधारण 40 मिनिटांत पोचवते.