स्काय क्वालिटी मीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिने झाले, दर अमावास्येच्या आसपास मी हा मीटर घेऊन रात्रीच्या आकाशाचा काळोख मोजतोय. माझ्याकडे अरुंद कोनाचं एल मॉडेल आहे. ९ व्होल्टची बॅटरी, एकच बटण. मीटर शिरोबिंदूकडे, म्हणजे सरळ डोक्यावर रोखायचा, बटण दाबायचं, आकडा येतो. आकडा मोठा तितकं आकाश काळं: शहरात १७-१८, उत्तम काळोखात २२ च्या जवळ. मोजमाप तारकांच्या प्रतीत (ताऱ्यांची तेजस्विता मोजायच्या एककात) असल्यामुळे ०.३ चा फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्यात आकाशाचा उजेड ३० टक्क्यांनी वाढलेला असतो. हे अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले.

आकडा मिळवणं सोपं, त्याचा अर्थ लावणं कठीण. एकदा मध्यरात्रीनंतर आकडा उतरत गेला आणि कुठेतरी नवे दिवे लागले, असं मी वहीत लिहूनही टाकलं. प्रत्यक्षात आकाशगंगा डोक्यावर आली होती! ढगांचं तर आणखी विचित्र. दिव्यांच्या परिसरात ढग उजेड खाली परतवतात, आकडा घसरतो. खऱ्या काळोखात तेच ढग तारे झाकतात आणि आकडा चढतो. म्हणून आता प्रत्येक नोंदीशेजारी वेळ, ढग आणि आकाशगंगेची जागा लिहितो. पहिला आकडा सोडून देतो, पुढच्या पाचांतला मधला धरतो.

खरी उणीव वेगळी आहे. मीटर साधारण २० अंशांचाच तुकडा पाहतो. शिरोबिंदूला २१.५ आणि क्षितिजावर दूरच्या शहराच्या उजेडाचा पिवळट घुमट, असं मी अनेकदा पाहिलंय. नुसता आकडा सांगणाऱ्याला तो घुमट कळणारच नाही. त्यावर उपाय म्हणून मी चारही दिशांना ४५ अंशांवर मोजतो.

आपले आकडे प्रकाशप्रदूषणाच्या नकाशाशी ताडून पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. २०१६ च्या जागतिक नकाशामागचं मॉडेल व्हीआयआयआरएस या उपग्रहीय उपकरणाच्या नोंदींवर उभं आहे. ते उपकरण साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश पाहतं. पांढऱ्या एलईडीतला निळा भाग त्यातून निसटतो, आणि हवेत जास्त विखुरतो तोही निळाच. सोडियमचे दिवे जाऊन एलईडी आले की उपग्रहाला उजेड घटलेला दिसू शकतो, जमिनीवरून आकाश मात्र उजळलेलं असतं. त्यामुळे माझ्या आकड्यात आणि नकाशात तफावत आली, तर मी आधी माझी नोंद तपासतो, पण नकाशा खरा धरून ती खोडत नाही.

एकाच जागेवर वर्षानुवर्षं मोजण्याची तयारी असेल, तर जरूर घ्या. सगळं आकाश एका नजरेत हवं असेल, तर फिशआय लेन्सचा कॅमेरा बघा.